रस्ता तेवढाच, विश्व मात्र पसरलं

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून राजवाड्यापर्यंत चालून बघा. एरवी काही मिनिटांची वाट, पण गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघाल्या की तासभर जातो. रस्ता वीतभरही वाढलेला नसतो. चालणाऱ्याच्या लेखी शहर पसरलेलं असतं.

जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी ‘पसरणारं विश्व’ प्रयोगशाळेत आणलं ते असंच. त्यांचं काम २०२२ साली प्रसिद्ध झालं. पोटॅशियमचे हजारो अणू त्यांनी निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंशांच्या, इतके जवळ नेले की उरलेली ऊब अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. अशा थंडीत अणूंची मिळून एकच लाट होते: बोस-आइनस्टाइन संघनित. त्यात ध्वनी सेकंदाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. मुंगीसुद्धा त्याला मागे टाकेल.

खऱ्या विश्वात जी भूमिका प्रकाशाची, ती इथे या ध्वनीकडे असते. चुंबकीय क्षेत्र बदललं की अणूंमधलं प्रतिकर्षण कमी होतं आणि ध्वनी आणखी रेंगाळतो. वायू जागच्या जागी, पण ध्वनीच्या दृष्टीने अंतरं वाढली.

आता खरी गंमत. पुंजभौतिकीत, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांच्या शास्त्रात, पूर्ण शांतता नसतेच. रिकाम्या जागीही सूक्ष्म थरथर चालू असते. विश्व सावकाश पसरलं तर ती थरथर जुळवून घेते. झपाट्याने पसरलं तर तिला ते साधत नाही, आणि तिच्यातून खरे कण निपजतात, तेही जोडीने, परस्परविरुद्ध दिशांना धावणारे. पुंजभौतिकीच्या जनकांपैकी एक, एर्विन श्रोडिंगर, याच्या हे १९३९ सालीच लक्षात आलं होतं, आणि त्याला ते धास्तीचं वाटलं होतं. हायडेलबर्गमध्ये कणांच्या जागी ध्वनिलहरींच्या जोड्या दिसल्या. वायूच्या छायाचित्रांत कुठे दाट, कुठे विरळ असे त्यांचे ठसे उमटले होते.

आरंभीचं विश्व तर भयंकर तापलेलं, मग ही थंडी कशाला? कारण इथे उष्णतेची नक्कल करायची नाही, फक्त लहरींच्या गणिताची करायची आहे. तापलेल्या वायूच्या गोंगाटात ती थरथर ऐकूच येणार नाही. (आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही लेसरने अणू थंड करण्याचं काम चालतं.)

एक उणीव मात्र मला मोठी वाटते. खऱ्या विश्वात किती वेगाने पसरायचं हे त्यातला पदार्थ आणि ऊर्जाच ठरवतात. इथे ते चुंबकाशी बसलेला माणूस ठरवतो. या बाबतीत झांकीची रात्र विश्वाच्या जास्त जवळची, कारण वाट अडवणारी गर्दी चालणाऱ्यांचीच असते.