लोखंडाच्या गावात लोखंडाचा दुष्काळ

फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा पडला की दोनापावलच्या धक्क्यावरून कधीकधी पाण्यावर पिवळट-तपकिरी पट्टे दिसतात. लाकडाच्या वखारीतला भुसा कोणी ओतून गेल्यासारखे. लहानपणी मला वाटायचं, एखाद्या बार्जमधून काहीतरी सांडलंय. १७७० साली ऑस्ट्रेलियाजवळ कॅप्टन कुकच्या जहाजावरच्यांनाही तेच दिसलं, आणि खलाशांनी त्याला भुसाच म्हटलं. ओंजळीत घेऊन नीट पाहिलं तर भुशाचा एकेक कण म्हणजे बारीक धाग्यांची मिलिमीटर-दोन मिलिमीटरची जुडी. हे ट्रायकोडेस्मियम, सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू. १८३० मध्ये एरेनबर्ग यांनी तांबड्या समुद्रातल्या नमुन्यांवरून त्यांचं नाव ठेवलं.

हे इतके माजतात कशाच्या जोरावर, हा प्रश्न मात्र बराच काळ तसाच राहिला. उन्हाळ्यात अरबी समुद्राच्या वरच्या थरात नायट्रेट, म्हणजे वाढीला लागणाऱ्या नायट्रोजनचं तयार रूप, जवळजवळ संपलेलं असतं, इतर शेवाळं उपाशी असतात. १९६१ मध्ये अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात डगडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रायकोडेस्मियम हवेतला नायट्रोजन थेट खाद्यात बदलतं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. त्याच दोनापावलच्या संस्थेतल्या देवस्सी, भट्टथिरी आणि कासिम यांनी १९७८ साली गोव्याच्या किनाऱ्यावरच्या या बहराचा अभ्यास प्रसिद्ध केला.

नायट्रोजन फोडणारा एन्झाइम (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन), नायट्रोजनेज, हा सगळ्या गोष्टीचा गाभा. नुसत्या प्रथिनाचं ते काम नव्हे, हे १९३० मध्येच बोर्टेल्स यांनी दाखवलं होतं: मॉलिब्डेनम दिल्याशिवाय मातीतले जिवाणू नायट्रोजन पकडेनात. १९९२ मध्ये या एन्झाइमची रचना उलगडली, तेव्हा त्याच्या पोटात एक गुच्छ सापडला: लोखंडाचे सात अणू, गंधकाचे नऊ, मॉलिब्डेनमचा एक. मधोमध कार्बनचा एक अणू आहे, हे कळायला २०११ उजाडलं. मॉलिब्डेनम समुद्रात भरपूर आहे. अडतं ते लोखंडावर, कारण या एकाच एन्झाइमला ते भरमसाट लागतं. म्हणजे एक टंचाई भागवायला दुसरी टंचाई अंगावर घ्यायची.

गोव्यात बसून लोखंडाच्या टंचाईबद्दल लिहिताना हसू येतं. डिचोली, सत्तरी, सांग्याचे डोंगर आपण पोखरून काढले; २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत पावसाळ्यात ओहोळ लालभडक वाहायचे. पण दुष्काळाचं मूळ त्याच डोंगरांत आहे. ते खनिज ज्या पट्टेदार खडकांतून तयार झालं, ते २५० कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेले. त्या समुद्रात प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे लोखंड पाण्यात विरघळून राहायचं, हवं तेवढं. जिवाणूंनी आपले जुने एन्झाइम त्या सुकाळात घडवले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साचू लागला, लोखंड गंजून खाली बसत गेलं, आणि सवय मात्र राहिली. आज खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर लिटरभर पाण्यात विरघळलेलं लोखंड बहुधा मिलिग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाइतकंही नसतं. नदीतून येणारं लोखंडही खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की गोळा होऊन बरंचसं मुखापाशीच बसतं.

समुद्रातल्या वाढीला लोखंड आवर घालतं, हा मुद्दा अमेरिकेच्या जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस लावून धरला. अर्धं टँकर लोखंड द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो, असं ते गमतीत म्हणाले. म्हणजे लोखंडावर शेवाळ माजेल, हवेतला कार्बन शोषून तळाशी नेईल, आणि पृथ्वी थंड होईल. पुढे ही गंमत फार लोकांनी फार गांभीर्याने घेतली. २००९ मध्ये दोनापावलच्याच संस्थेने जर्मनांबरोबर ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. नावातला ‘लोहा’ हिंदीतला. अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यावर लोहाचं सल्फेट सोडलं. शेवाळ वाढलं खरं, पण चिमुकल्या प्राण्यांनी ते फस्त केलं. कवचासाठी लागणारी सिलिका त्या पाण्यात कमी होती, म्हणून ज्यांच्यावर भिस्त होती ती डायटम नावाची कवचवाली शेवाळं वाढलीच नाहीत. खोल तळाशी जाणारा कार्बन तुटपुंजा निघाला.

जिवाणू मात्र असल्या खैरातीची वाट पाहत बसत नाहीत. लोखंड कमी पडलं की अनेक जण फेरेडॉक्सिन हे लोहाचं प्रथिन बाजूला ठेवतात आणि फ्लेव्होडॉक्सिन वापरतात, त्यात धातूच नाही. क्रोकोस्फेरा नावाच्या जिवाणूची युक्ती तर बेरक्या संसाराची. तो रात्री नायट्रोजन पकडतो आणि दिवसा प्रकाशसंश्लेषण करतो. २०११ मध्ये आढळलं की पाळी संपली की तो त्या पाळीचे बरेच एन्झाइम मोडून टाकतो आणि त्यांतलं लोखंड दुसऱ्या पाळीला लावतो. एकच बिछाना दोन खलाशांनी पाळीपाळीने वापरावा, तसं.

फॉस्फरसची गोष्टही याच वळणाची. फॉस्फेट संपलं की जिवाणू सेंद्रिय रेणूंतून ते कापून काढणारा फॉस्फेटेज तयार करतात. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचा फॉस्फेटेज जस्त आणि मॅग्नेशियमवर चालतो, म्हणून समुद्रातही तसंच असणार असं बराच काळ गृहीत धरलं गेलं. पण समुद्रातल्या पुष्कळ जिवाणूंकडे निराळाच प्रकार निघाला, फॉसएक्स. २०१४ मध्ये त्याची रचना समोर आली, तीही मातीतल्या एका जिवाणूवरून: आत कॅल्शियम, आणि त्याच्या जोडीला लोखंड. नायट्रोजन पकडायला लोखंड, आणि फॉस्फरस काढायलाही तेच.

मग धुळीकडे लक्ष जातं. अरबस्तानातून वाऱ्याबरोबर आलेली धूळ अरबी समुद्रावर पडते, आणि तिच्यात लोखंड असतं. तांबड्या समुद्रातल्या ट्रायकोडेस्मियमच्या गोल जुड्यांवर शास्त्रज्ञांनी धूळ टाकून पाहिली. कडेला चिकटलेले कण धागे हळूहळू आत ओढत गेले, आणि काही वेळाने जुडीच्या मधोमध लालसर ठिपका जमलेला दिसला.