पेंग्विन नव्हे, गिलेमॉट

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी ते चित्र दाखवलं की अख्खा वर्ग ओरडतो, "पेंग्विन!" काळी पाठ, पांढरं पोट, माणसासारखं ताठ उभं राहणं. चित्रात असतो गिलेमॉट.

फरक सांगायला मी पोरांना शेतातल्या विहिरीवर नेते. आतल्या कपारीत पारवे अंडी घालतात, कारण तिथं मांजर पोचत नाही. गिलेमॉटचा हिशेब तोच. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर, कोल्हा जाऊच शकणार नाही अशा कड्यांच्या अरुंद कपारींवर हे पक्षी हजारोंनी खेटून बसतात. घरटं बांधत नाहीत. उघड्या खडकावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. प्रत्येक अंड्याचा रंग वेगळा, रेघा-ठिपके वेगळे, म्हणून त्या गर्दीत आईबाप आपलं अंडं बरोबर ओळखतात. पिल्लू जेमतेम ३ आठवड्यांचं होतं, धड उडताही येत नाही, आणि ते कड्यावरून खाली झेप घेतं. बाप हाका मारत त्याच्या सोबतीला असतो. पुढे महिना-दोन महिने समुद्रात तोच त्याला सांभाळतो. हे सांगताना दर वर्षी माझा गळा भरून येतो.

पेंग्विनला उडता येत नाही, त्यामुळे असा उभा कडा त्याच्या आवाक्यातच नाही. तो जवळजवळ सगळाच दक्षिण गोलार्धातला. चालत किंवा चढत जाता येईल तिथंच अंडी घालतो. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली आले ते हंबोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बिळांत आणि खडकांच्या फटींत राहणारे.

पाण्याखाली मात्र दोघंही पंखांनीच पोहतात. रूप सारखं झालं ते या कामामुळे, नात्यामुळे नाही. गिलेमॉटनं उडणं सोडलं नाही; गावरान कोंबडीएवढा, किलोभराचा देह आखूड पंखांवर पेलायचा म्हणून तो ते अतिशय भरभर हलवतो.

त्याच्या एका भाऊबंदानं उडणं सोडलं होतं. तो मोठा ऑक. 'पेंग्विन' हे नाव आधी त्याचंच. युरोपी खलाशांनी ते पुढे दक्षिणेतल्या पक्ष्यांना दिलं. ऑकला कडा चढता येईना, तो सखल खडकाळ बेटांवर अंडी घाली, आणि माणसं चालत जाऊन मांसासाठी, पिसांसाठी त्याला मारत. आइसलंडजवळच्या एल्डे बेटावर जून १८४४ मध्ये शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. आता मी वर्गात त्याचंही चित्र नेते.