ब्लॉकेज नाही, तरी छाती का आवळते?

‘अँजिओग्राफी नॉर्मल आहे ना, मग हृदय ठणठणीत!’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. दोन जिने चढताच छाती आवळते, जबडा दुखतो, कठड्याला धरून थांबावं लागतं, आणि अशा बाईला ‘गॅस असेल’, ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून परत पाठवतात.

अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्या चित्रात उमटतच नाहीत, आणि कोणत्या क्षणी किती रक्त सोडायचं हे ठरवतात त्याच! हृदयाचा स्नायू स्वस्थ बसलेल्या माणसातही रक्तातला बहुतेक प्राणवायू काढून घेतो. म्हणून श्रम वाढले की रक्तच जास्त यावं लागतं. तेव्हा या वाहिन्या सैल पडून रुंदावतात. नळीतला प्रवाह सांगणाऱ्या पॉइझॉयच्या नियमानुसार, दाब तोच असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. त्रिज्या दीडपट झाली की प्रवाह थेट पाचपट. ती 1.2 पटच झाली, तर जेमतेम दुप्पट. श्रमाचा प्रवाह भागिले विश्रांतीचा प्रवाह म्हणजे ‘फ्लो रिझर्व्ह’. तो 2 च्या खाली असेल आणि मोठ्या धमन्या मोकळ्या असतील, तर दोष बारीक वाहिन्यांत शोधायचा. असा आजार स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. अमेरिकेत 1996 साली सुरू झालेल्या, स्त्रियांच्या हृदयविकारावरच्या ‘वाइज’ अभ्यासाने याकडे लक्ष वेधलं.

हे मोजायला हृदयात नळी घालावी लागत नाही. पेट (PET) स्कॅनमध्ये रुबिडियम-82 हा किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात (याचं अर्धायुष्य सव्वा मिनिट), एकदा विश्रांतीत आणि एकदा वाहिन्या सैल करणारं औषध देऊन. एमआरआयनेही जमतं. ट्रेडमिलवरच्या ईसीजीत स्त्रियांमध्ये खोटा ‘पॉझिटिव्ह’ जास्त येतो. थॅलियम किंवा टेक्नेशियम हे किरणोत्सारी पदार्थ वापरणाऱ्या साध्या स्कॅनमध्ये स्तनाच्या ऊती गॅमा किरण अडवतात, त्यांची सावली हृदयाच्या पुढच्या भिंतीवर पडते आणि रक्त कमी पोचल्यासारखं दिसतं. पेटमध्ये अडलेल्या किरणांची ही तूट हिशेबात धरून दुरुस्त होते.

मनगटावरच्या घड्याळाचा ईसीजी हृदयाची लय सांगतो, रक्तपुरवठा नाही. आणि ‘ब्लॉकेज विरघळवणारे’ काढे तर निव्वळ फसवणूक आहेत.

फ्लो रिझर्व्हचा आकडा हाती आला की बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध), कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (वाहिन्या सैल करणारं), स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं) यांपैकी काय द्यायचं ते विचारपूर्वक ठरवता येतं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांत वर्षं जात नाहीत.