ॲबेट टाकलेलं पाणी ओतू नका

कोल्हापुरात पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढले की आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन बॅरलात डासांच्या अळ्या मारायचं औषध टाकतात. ते गेले की बॅरल गटारात रिकामं. का, तर ‘पाण्यात विष कालवलं’.

हे औषध टेमेफॉस, बाजारातलं नाव ॲबेट. कीटकनाशकच आहे, त्यामुळे मूळ बाटली पोरांच्या हाताला लागता कामा नये. पण पाण्यात ते पडतं लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे १००० लिटरच्या टाकीत जेमतेम १ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यातसुद्धा इतक्या मात्रेला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. वास येतो, तो विषबाधेचा पुरावा नव्हे.

गंमत अशी, की पाणी ओतणारेच धुराच्या गाडीमागं धावणाऱ्या पोरांना हटकत नाहीत. त्या धुरात बहुतांश डिझेल असतं, आणि बरेचदा मॅलेथिऑन हे कीटकनाशक. २०१५ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. दम्याच्या माणसाला तर डिझेलचा धूरच पुरे. शिवाय धुरानं उडते डास मरतात, बॅरलातल्या अळ्या तशाच. गाडी आली की पोरांना आत घ्या, अन्न झाका. आठवड्यातून एकदा बॅरल घासून कोरडं करत असाल, तर त्यात ॲबेटची गरजही नाही.