शिकाऊ उमेदवार घेण्यापूर्वी: आमच्या ग्राहक कारखानदारांसाठी माहितीपत्रक

भोसरी, चाकण, नऱ्हे आणि हडपसर या भागांतील आमच्या बहुतेक ग्राहकांकडे शिकाऊ मुले पूर्वीपासून येत आहेत, त्यामुळे ॲप्रेंटिस म्हणजे कोण हे येथे सांगत बसण्याचे कारण नाही. तरीही आयटीआयचे निकाल लागले की, शिकाऊ उमेदवारीची नोंदणी आणि करार करून देणाऱ्या आमच्या कार्यालयात दरवर्षी तीच अडचण घेऊन मंडळी येतात. मुलगा आधी मशिनवर उभा राहतो आणि कराराची आठवण दोन-तीन महिन्यांनी, बहुधा कोणीतरी तपासणीला येणार असल्याचे कळल्यावर होते.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार उमेदवारीची सुरुवात कराराने होते, कामावर हजर झाल्याने नव्हे. करार झाल्यापासून सात दिवसांच्या आत त्याचा तपशील शासनाच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर भरावा लागतो आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागार (या कायद्याखालील सरकारी अधिकारी) तो तपासून नोंदवतात. उमेदवार अठरा वर्षांखालील असल्यास करारावर त्याच्या पालकांची सही लागते. वयाची किमान अट चौदा वर्षांची असली तरी धोकादायक उद्योगांसाठी ती अठरा आहे, हे रासायनिक कामे करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. अशा रीतीने करार झालेला मुलगा कायद्याच्या दृष्टीने प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, आणि म्हणूनच त्याच्यासाठी पीएफ (भविष्य निर्वाह निधी) व ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) अंशदान भरावे लागत नाही. ही सवलत कराराला जोडलेली आहे. हजेरीपटावर नावापुढे केवळ ‘ट्रेनी’ असे लिहिल्याने ती मिळत नाही. करार नसेल, तर तोच मुलगा उद्या साधा कामगार ठरू शकतो आणि किमान वेतनापासूनचा सगळा हिशेब मालकाकडे मागितला जाऊ शकतो.

अशा वेळी आमच्याकडे हमखास येणारी विनंती म्हणजे कराराला मागची तारीख टाकून देण्याची. आमचे कार्यालय हे काम करत नाही. काही ग्राहकांना ही अडवणूक वाटते आणि ‘दुसरीकडे होते’ असेही ऐकवले जाते. परंतु बँकेतून दिलेले पैसे, गेटवरचे रजिस्टर आणि पोर्टलवरची नोंद यांच्या तारखा एकमेकींना छेद देऊ लागल्या की ते निस्तरण्याचा त्रास कागद करणाऱ्याला नव्हे, मालकाला होतो. शिवाय असे प्रकरण नव्याने मार्गी लावण्यात आमचा जो वेळ जातो, त्यात सुरुवातीपासून नीट आलेले अनेक करार सहज पूर्ण होतात.

किती उमेदवार घ्यावेत, याचे उत्तर सोपे आहे. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. मोजताना ठेकेदाराची माणसेही धरली जातात, आणि नेमके येथेच गणित चुकते. स्वतःचे २६ आणि ठेकेदाराचे १४ कामगार असलेला कारखानदार स्वतःला ऐच्छिक गटात समजतो. प्रत्यक्षात त्याचे मनुष्यबळ ४० भरते आणि त्याला किमान एक, जास्तीत जास्त सहा उमेदवार घ्यावे लागतात. संख्या कमी पडल्यास दरमहा प्रत्येक उमेदवारामागे पहिले तीन महिने ५०० रुपये आणि त्यानंतर १,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

विद्यावेतनाची, म्हणजे उमेदवाराला दरमहा द्यायच्या पैशांची, किमान रक्कम शैक्षणिक पात्रतेनुसार ठरते. त्याहून जास्त देण्यास कोणाचीही हरकत नसते. मात्र आपल्याकडच्या वर्कशॉपमधील नगावर पैसे देण्याची पद्धत शिकाऊ उमेदवाराला लावता येत नाही, आणि उत्पादनाच्या इन्सेंटिव्ह योजनेतही त्याला घेता येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली केंद्र सरकार विहित विद्यावेतनाचा २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, वाटा उचलते. हा वाटा आता थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. त्याचे खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे अडकतात आणि मुलगा साहजिकच मालकाकडे विचारणा करतो. म्हणून करारापूर्वीच आम्ही खाते तपासून घेतो.

ओव्हरटाइम सल्लागारांच्या मंजुरीशिवाय देता येत नाही, आणि ऑर्डर अंगावर आली आहे हे त्यासाठी पुरेसे कारण नव्हे. अपघाताविषयी अधिक सावध राहावे. ईएसआय लागू नाही म्हणजे जबाबदारीही नाही, असा गैरसमज आम्हाला वारंवार आढळतो. प्रशिक्षणादरम्यान इजा झाल्यास कामगाराप्रमाणेच नुकसानभरपाई देण्याचे दायित्व मालकावर येते, आणि ईएसआयचे छत्र नसल्यामुळे तो खर्च सरळ त्याच्या खिशातून जातो. पॉवर प्रेस, लेथ किंवा वेल्डिंगच्या कामावर मुले असतील, तर त्यांना सामावून घेणारी विमा पॉलिसी आधीच काढलेली असावी. सुरक्षा आणि आरोग्याबाबतच्या कारखान्यांच्या तरतुदी त्यांनाही लागू असतात, तेव्हा हातमोजे आणि चष्मे देताना भेद करू नये.

उमेदवारी पूर्ण झाल्यावर नोकरी दिलीच पाहिजे, असे सर्वसाधारण बंधन नाही. परंतु भरतीबाबतचे धोरण आस्थापनेने ठरवणे अपेक्षित आहे. दोन ओळींचे का होईना, ते लेखी असावे, असे आम्ही सुचवतो.

आमच्या कार्यालयात आस्थापनेची पोर्टलवरील नोंदणी, करार, मासिक विद्यावेतनाच्या नोंदी आणि परीक्षेपर्यंतचा पाठपुरावा ही कामे प्रत्येक करारामागे ठरावीक शुल्कात केली जातात, आणि मनुष्यबळाची मोजणी करून देण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. येताना उमेदवाराचे आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचे प्रमाणपत्र असल्यास ते, आणि बँक पासबुक आणावे. या सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग सारखे आहे का, हे घरीच पाहून घ्यावे, कारण एका अक्षराच्या फरकामुळे नोंदणी परत येते. मुलगा निवडला की त्याला कामावर बोलावण्याआधी आम्हाला एक फोन करावा.