लंडनच्या उकिरड्यावरचा सायकल ट्रॅक

पंपावर जाऊन आपण 'दोनशेचं पेट्रोल टाका' म्हणतो ना, त्यातला पेट्रोल हा शब्द इंधनाचं ट्रेडनेम म्हणून बाजारात आणला 1890 च्या दशकात पूर्व लंडनमधल्या हॅकनी विकच्या कार्लेस, कॅपल अँड लेनर्ड कंपनीने. त्याच हॅकनी विकमध्ये त्याआधी 1866 ला अलेक्झांडर पार्क्सने प्लास्टिकच्या आद्य पूर्वजाचा, पार्केसीनचा कारखाना काढला होता. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी आख्ख्या जगाची माती खराब केली त्या दोघींचं माहेर एकच मोहल्ला. हॅकनी विक ली नदीच्या अलीकडच्या, लंडनकडच्या काठाला, पण तो सगळा नदीकाठच कारखान्यांचा झाला होता. 1844 च्या कायद्याने लंडन शहरात घाण वासाच्या धंद्यांवर बंधनं आली आणि ली नदी ओलांडली की एसेक्स लागायचं, तिथे तो कायदाच लागू नव्हता, मग काय, साबण, रसायनं, डांबर, छपाईची शाई, सगळे उठले आणि नदीकाठाला जाऊन बसले. शंभर-दीडशे वर्षं जे सांडलं ते जमिनीत मुरलं, वरून शहराचा कचरा आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने पडलेल्या घरांचा राबिट.

अशाच एका भरावावर 1975 साली ईस्टवे नावाचं सायकल सर्किट सुरू झालं. रस्त्यावरच्या रेसिंगसाठी मैलभराचा डांबरी ट्रॅक आणि आजूबाजूच्या उंचवट्यांवर माउंटन बाइक. 2012 च्या लंडन ऑलिंपिकसाठी ते 2006 ला बंद पडलं. सायकलवाले गप्प बसले नाहीत, आमचं घेताय तर तसंच किंवा त्याहून चांगलं परत द्या म्हणून मागे लागले, आणि मार्च 2014 ला त्याच परिसरात ली व्हॅली वेलोपार्क सुरू झालं. व्हेलोड्रोम (सायकल शर्यतीचा छताखालचा ट्रॅक), बीएमएक्स (छोट्या सायकलींचा उड्या मारायचा ट्रॅक), मैलाचा रोड सर्किट आणि 8 किलोमीटरचे माउंटन बाइक ट्रेल, सगळं एकाच ठिकाणी.

आता मधल्या सहा-आठ वर्षांत जमिनीचं काय केलं ते बघू, कारण खरी मजा तिथे आहे.

ऑलिंपिक पार्कची मिळून 20 लाख टनांच्या आसपास माती साफ केली गेली आणि त्यातली बहुतेक तिथेच परत वापरली. यासाठी जागेवरच माती धुवायची पाच यंत्रं बसवली होती. माती धुणं म्हणजे तांदूळ धुण्यासारखंच. पहिल्या पाण्याला पांढरं येतं ते तांदळाच्या बाहेर चिकटलेलं पीठ, दाणा आत ठीकच असतो. मातीतही तसंच, शिसं, आर्सेनिक, तेलाचा चिकटा हे सगळं मुख्यतः सगळ्यात बारीक कणांना धरून बसतं, कारण मूठभर खडीपेक्षा मूठभर गाळाचा पृष्ठभाग कैक पटीने जास्त. म्हणून पाण्याने घुसळायचं, चाळायचं, वाळू आणि खडी स्वच्छ होऊन बाजूला आणि उरलेला गाळ दाबून पाणी काढून सुरक्षित ठिकाणी टाकायचा. विष नाहीसं होत नाही हे लक्षात घ्या, फक्त थोड्या जागेत गोळा होतं.

तेलकट माती असेल तर अजून एक उपाय आहे, ढीग लावून हवा, ओल आणि थोडं खत द्यायचं, बॅक्टेरिया तेल खाऊन टाकतात. शिसं मात्र कोणी खात नाही, ते मूलद्रव्य आहे, त्याचं तुकडे करून काही दुसरं होत नाही.

मग माती 'स्वच्छ' झाली कधी म्हणायची? तर याचं उत्तर कशासाठी वापरणार त्यावर आहे, आणि मला वाटतं लोकांना नेमकं हेच पटत नाही. ब्रिटनमध्ये 2014 च्या निकषांप्रमाणे घराच्या अंगणात, जिथे भाजी पण लावतात, किलोमागे 200 मिलीग्रॅम शिशापर्यंत धोका कमी मानतात, आणि सार्वजनिक पार्कात हाच आकडा 1300 आहे. फसवाफसवी नाही ही. अंगणात दोन वर्षांचं पोर रोज माती तोंडात घालतं, पार्कात माणूस दोन तास येतो आणि घरी जातो. विष आहे, माणूस आहे, पण मधली वाट तोडली की धोका गेला. ही वाट म्हणजे धूळ, हात-तोंड, भाजी, पाणी. म्हणून वर साधारण 60 सेंटीमीटर स्वच्छ मातीचा थर आणि त्याच्या खाली खुणेचं कापड, सहसा भडक केशरी, म्हणजे पुढे कोणी खोदलं तर कळावं की आता थांबायचं.

इथे सायकलची गोची होते, कारण माउंटन बाइक म्हणजे खोदायचंच यंत्र आहे. वळणावर मागचं चाक घसरतं, ब्रेकने माती उकरते, उन्हाळ्यात धूळ उडते आणि माणूस पडला की उघड्या जखमेत सगळं जातं. त्यामुळे अशा जमिनीवर ट्रेल खोदून करत नाहीत, वर भर घालून करतात. बाहेरची खडी, दगड, दाबलेली माती आणून उंचवटे रचायचे आणि उतार असा ठेवायचा की पाणी ट्रॅकवर साचणार नाही की खालीही मुरणार नाही, कारण मुरलेलं पाणी खालचं विष घेऊन नदीकडे जाणार.

पण बाकी सगळ्या बाबतीत ट्रेल हा कचऱ्याच्या जमिनीचा फारच सोयीचा भाडेकरू आहे. भराव वर्षानुवर्षं खचत राहतो, तोही वेडावाकडा, एका जागी जास्त एका जागी कमी. शेजारचा व्हेलोड्रोम उभा करायला जुन्या कचऱ्याच्या भरावातून 900 हून जास्त पाइल्स, म्हणजे पायाचे खांब, ठोकायला लागले, काही 26 मीटर खोल. ट्रेल खचला तर काय, एक डंपर खडी टाका, किंवा तसाच ठेवा, उडी मारायला नवीन ड्रॉप मिळाला म्हणून पोरं खूशच होतील! शिवाय सडक्या कचऱ्यातून मिथेन येतो, तो बंद खोलीत साठला तर स्फोट, उघड्या ट्रॅकवर वाऱ्याने उडून जातो.

आपल्याकडे धारावीला चिकटून असलेलं माहीम नेचर पार्क पण कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडवरच आहे, 1994 पासून लोकांना खुलं. तिथे झाडं लावली. झाडाची अडचण सायकलच्या उलटी, सायकल वरून उकरते आणि मुळं खाली थराच्या आरपार जायला बघतात, त्यामुळे झाडं लावायची तिथे स्वच्छ मातीचा थर जाड करावा लागतो.

ट्रेलवर मात्र थर रोज झिजतच असतो. म्हणून अशा पार्कात देखभाल करणाऱ्यांकडे नुसतं फावडं असून भागत नाही, मोजपट्टी पण लागते, वळणावरची चाकोरी किती खोल गेली ते बघायला, आणि कुठे केशरी कापड डोकावलं तर तेवढा ट्रेल लगेच बंद, खडी पडेपर्यंत कोणी जायचं नाही.