प्रूफरीडर नेमका कोण? एच-१बी व्हिसाच्या किमान पगारामागचा गुंता

एच-१बी म्हणजे परदेशी कुशल माणसांना अमेरिकेत नोकरी करू देणारा व्हिसा. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी संसदेत त्याबद्दल एक विधेयक आले आणि काही दिवसांतच आपल्याकडे मथळे झळकले : ‘एच-१बीचा किमान पगार ६० हजारांवरून १ लाख ३० हजार डॉलरवर’. आयटी कंपन्यांचे शेअर पडले, पुण्यात घराघरांत चर्चा झाली. विधेयक पुढे मंजूर झालेच नाही. पण त्या मथळ्यांनी एक गैरसमज पक्का केला, तो असा की एच-१बीला ६० हजार डॉलरचा एक सरसकट किमान पगार आहे.

तसा तो कधीच नव्हता. ६० हजारांचा आकडा १९९८ च्या कायद्यातला आहे. ज्या कंपन्यांचे बरेचसे कर्मचारी एच-१बीवरच असतात (५० हून जास्त माणसे असतील तर १५ टक्के किंवा अधिक), त्यांना भरती करताना काही जादा हमी द्याव्या लागतात. आधी स्थानिक उमेदवार शोधला, कुणाला काढून त्याच्या जागी हा माणूस घेतला नाही, वगैरे. मात्र त्या माणसाला ६० हजार किंवा त्याहून जास्त पगार असेल, किंवा त्याच्याकडे त्या विषयातली पदव्युत्तर पदवी असेल, तर या हमीतून सूट मिळते. म्हणजे हा हमीतून सूट मिळण्याचा उंबरठा आहे, पगाराचा तळ नव्हे. गेल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत तो बदललेलाही नाही. प्रूफरीडर (मुद्रितशोधक) नेमणारी एखादी प्रकाशनसंस्था किंवा जाहिरात कंपनी अशा ‘अवलंबून’ कंपन्यांत जवळजवळ कधीच मोडत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी हा आकडा निरर्थकच.

मग प्रूफरीडरला किमान किती? आजच्या रूपातला एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. तेव्हापासूनचा नियम असा की दोन रकमांपैकी जी मोठी असेल ती द्यायची : एक, त्याच कचेरीत तेच काम करणाऱ्या, तेवढ्याच अनुभवाच्या माणसाला मालक प्रत्यक्ष देतो ती, आणि दुसरी, त्या भागात त्या व्यवसायाचे ‘प्रचलित वेतन’. हा दुसरा शब्द व्हिसाचा नाहीच. तो १९३१ च्या, सरकारी बांधकामांवरच्या मजुरीच्या कायद्यातून रुळला. गवंडी-सुतारांसाठी त्याचा अर्थ लावणे सोपे होते. विटा रचणारा कोण, हे बघितले की कळते.

सुरुवातीची काही वर्षे प्रचलित वेतन काढण्याची रीत ढिसाळच होती. राज्याराज्यांतली रोजगार कार्यालये छोट्या छोट्या पाहण्या करत. १९९८ पासून कामगार खात्याने सगळ्या देशासाठी एकच मोठी वेतन-पाहणी आधाराला घेतली. प्रत्येक व्यवसाय, प्रत्येक महानगर विभाग, आणि दोन पायऱ्या : नवशिका आणि अनुभवी. मधे काही नाही. दोन वर्षे अनुभव असलेल्याला कुठे बसवायचे, यावर वकिलांची पोटे भरत होती. शिवाय प्रचलित वेतनापेक्षा पाच टक्के कमी दिले तरी चालत असे.

२००४ च्या सुधारणेने दोन्ही गोष्टी बदलल्या आणि मार्च २००५ पासून त्या लागू झाल्या. पाच टक्क्यांची सवलत गेली. दोनच्या चार पायऱ्या झाल्या, पण त्या कशा केल्या ते पाहण्याजोगे आहे. नव्याने पाहणी केलीच नाही. खालच्या आणि वरच्या आकड्यातला फरक घ्यायचा, त्याला तीनने भागायचे, आलेला भाग खालच्या आकड्यात मिळवला की दुसरी पायरी, वरच्यातून वजा केला की तिसरी. समजा खालची पायरी ३६ हजार आणि वरची ६० हजार, तर मधल्या आपोआप ४४ आणि ५२ हजार. मधल्या पायरीवरच्या प्रूफरीडरला बाजारात खरोखर काय मिळते, याच्याशी या आकड्यांचा संबंध नाही. संसदेने कायद्यातच भागाकार लिहून ठेवला, आणि आजही लाखो अर्ज त्याच भागाकारावर उभे आहेत.

हे झाले आकड्यांचे. प्रूफरीडरच्या बाबतीत खरी गोम आकड्यात नाही, खान्यात आहे.

अमेरिकी व्यवसाय-वर्गीकरणात ४३-९०८१ या क्रमांकाचा खाना आहे : ‘प्रूफरीडर आणि कॉपी मार्कर’. व्याख्या अगदी छोटी. मजकूर किंवा जुळवलेले प्रूफ वाचून व्याकरणाच्या, छपाईच्या, मांडणीच्या चुका शोधणे आणि दुरुस्तीसाठी खुणा करणे. ब्रेलचे प्रूफ वाचणारेही यात धरले आहेत. आणि एक अपवाद : ज्यांचे मुख्य काम मजकूर संपादित करणे आहे, ते यात नाहीत. ते गेले २७-३०४१ मध्ये, ‘संपादक’ या खान्यात. आता ४३ ने सुरू होणारा गट कोणता? कचेरी आणि प्रशासकीय मदतनिसांचा. टंकलेखक, टपाल हाताळणारे, माहिती भरणारे यांच्या पंगतीत प्रूफरीडर. २७ चा गट कलावंत, लेखक, माध्यमकर्मी यांचा. ही विभागणी आजची नाही. विसाव्या शतकातल्या जुन्या व्यवसायकोशातही संपादकांचे क्रमांक एकने सुरू होत, म्हणजे पेशेवर. आणि प्रूफरीडरचा दोनने, म्हणजे कारकुनी. शिशाचे खिळे गेले, गॅली गेल्या, पण खाना तोच राहिला.

आपल्याकडे याच्या नेमके उलटे आहे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकाराची व्याख्या करताना संपादक, उपसंपादक, वार्ताहर, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार यांच्या जोडीला ‘प्रूफरीडर’ हा शब्द स्पष्ट लिहिला गेला. म्हणून वेतन मंडळांच्या शिफारशी त्यांनाही लागू झाल्या. वृत्तपत्राच्या कचेरीत प्रूफरीडरला वार्ताहराइतका मान मिळत होता असे कुणी म्हणणार नाही, पण कागदावर तो पत्रकार होता. मुंबईच्या दैनिकात दहा वर्षे मुद्रितशोधन करून अमेरिकेत गेलेला माणूस विमानात बसताना पत्रकार असतो आणि उतरताना कारकून.

हा प्रश्न नुसत्या मानाचा नाही. एच-१बीसाठी काम ‘विशेष व्यवसाय’ असावे लागते. त्या कामासाठी विशिष्ट विषयातली निदान बॅचलरची पदवी लागते, असे सिद्ध व्हावे लागते. ‘कोणतीही पदवी चालेल’ असे जाहिरातीत लिहिले की अर्ज तिथेच अडकतो. आता मालकापुढचे दोन रस्ते पाहा. प्रूफरीडरचा खाना निवडला तर प्रचलित वेतन कमी, देणे परवडते. पण कारकुनी गटातल्या कामाला ठरावीक विषयाची पदवी कशाला, असा प्रश्न अधिकारी विचारणार. संपादकाचा खाना निवडला तर पदवीचा मुद्दा जरा बळकट होतो. पण पगाराची पट्टी वर सरकते, आणि ‘हा माणूस दिवसभर स्वल्पविराम तपासतो, संपादन कुठे करतो?’ असे कोणी विचारले तर उत्तर नसते. धरले तर चावते, सोडले तर पळते.

बरे, कामच दोन्हीचे मिश्रण असेल तर? औषध कंपन्यांच्या जाहिराती करणाऱ्या संस्थांत किंवा पेटंटच्या कचेऱ्यांत प्रूफरीडर म्हणून नेमलेला माणूस संदर्भ पडताळतो, आकडे मूळ कागदाशी ताडून पाहतो, कधी वाक्यही सुधारतो. कामगार खात्याने २००९ च्या नोव्हेंबरात काढलेल्या मार्गदर्शिकेत यावर उत्तर आहे : दोन व्यवसायांची सरमिसळ असेल तर ज्याचा पगार जास्त तो खाना धरायचा. उदाहरण दिले आहे ते वैमानिकाचे कामही करणाऱ्या इंजिनीअरचे. प्रूफरीडर असलेल्या संपादकाचे उदाहरण कुणाला सुचले नाही, हे स्वाभाविकच. विमानात चढला की इंजिनीअर वैमानिक होतो हे दिसते. प्रूफावर ‘हे वाक्य नीट करा’ अशी खूण करणारा संपादक झाला का, हे कोण ठरवणार? माझ्या मते नियम मालकांवर अन्याय करत नाही, पण प्रूफरीडरवर करतो. त्याच्या कामातला जो भाग बुद्धीचा आहे तो दाखवला की तो प्रूफरीडर राहत नाही.

याच मार्गदर्शिकेत पायरी ठरवण्याची गुणपद्धतही आहे. सगळे एकपासून सुरू करतात. नेहमीपेक्षा जास्त अनुभव मागितला की गुण, जास्त शिक्षण मागितले की गुण, हाताखाली माणसे असतील तर गुण, वेगळे कौशल्य हवे असेल तर गुण. चारच्या वर जायचे नाही. त्यात भाषेचे कलम मजेशीर आहे. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लागत असेल तर ते सर्वसाधारणपणे वेगळे कौशल्य धरावे, अपवाद परभाषेचे शिक्षक, दुभाषे आणि उपशीर्षके लिहिणारे यांचा. कारण भाषा हीच त्यांची हत्यारे. प्रूफरीडर या यादीत नाही. म्हणजे मराठी मजकूर तपासण्यासाठी नेमलेल्या माणसाला मराठी येणे हे, कागदोपत्री, जादा कौशल्य ठरू शकते. अर्थात त्याने कामाची काठिण्यपातळी खरोखर वाढते का, हे पाहण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे.

पगार कसा मोजायचा, यावरही एक गाठ आहे. आपल्याकडे बाहेरून काम करणाऱ्या मुद्रितशोधकाचा हिशेब पानावर किंवा फर्म्यावर होतो. दिवाळी अंकांच्या हंगामात हात रिकामा नसतो, कार्तिक सरला की फोन वाजत नाही. एच-१बीवर हे बसत नाही. अर्जात पगार तासावर, आठवड्यावर, महिन्यावर किंवा वर्षावर लिहायचा असतो, आणि १९९८ च्याच कायद्याने ‘काम नाही म्हणून पगार नाही’ याला बंदी घातली. मालकाकडे पुस्तक आले नाही म्हणून प्रूफरीडर बसून राहिला तरी त्याचा पगार चालू. ही तरतूद आयटीतल्या ‘बाकावर’ (म्हणजे प्रकल्पाची वाट पाहत) बसवलेल्या मुलांसाठी आली, पण तिचा खरा आधार हंगामी धंद्यांना होऊ शकतो.

२०१७ मध्ये वाऱ्याची दिशा बदलली. पहिल्या पायरीचा पगार दाखवलेले अर्ज अचानक प्रश्नांसह परत येऊ लागले : पगार नवशिक्याचा आहे, मग काम ‘विशेष’ कसे? सुरुवात संगणक प्रोग्रामरांपासून झाली, झळ इतरांनाही लागली. जानेवारी २०१८ मध्ये अपील पाहणाऱ्या कक्षाने स्पष्ट केले की पहिली पायरी म्हणजे काम हलके असा अर्थ नाही; त्या व्यवसायाच्या नेहमीच्या गरजांशी तुलना करून पायरी ठरते. नवशिका डॉक्टरही पहिल्या पायरीवरच असतो.

मग ऑक्टोबर २०२०. हरकती न मागवता, एका दिवसात लागू केलेल्या नियमाने चार पायऱ्या साधारण १७, ३४, ५० आणि ६७ व्या शतमकावरून (१७ वे शतमक म्हणजे शंभरातल्या सतरा जणांचा पगार जिच्या खाली असतो ती पातळी) उचलून ४५, ६२, ७८ आणि ९५ वर नेल्या. जिथे पुरेशी आकडेवारी नव्हती तिथे सरसकट वर्षाला २ लाख ८ हजार डॉलर दिसू लागले, मग व्यवसाय कोणताही असो. डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने तो रद्द केला. कारण पगाराची पातळी नव्हे, घाई. जानेवारी २०२१ मध्ये थोडे सौम्य आकडे (३५, ५३, ७२, ९०) घेऊन अंतिम नियम आला, तोही पुढे ढकलला गेला आणि जूनमध्ये न्यायालयातच संपला. जुना भागाकार परत आला.

सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जदारांसाठी १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. प्रूफरीडरसाठी इतके पैसे भरणारा मालक शोधणे अवघडच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मात्र आणखी एक नियम पक्का झाला आणि फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाला. एच-१बीच्या मर्यादित जागांसाठी अर्जदार निवडण्याची जी सोडत निघते, तीत आता सगळ्यांना सारखी संधी नाही. पहिल्या पायरीच्या अर्जाची चिठ्ठी एकदा, चौथ्या पायरीची चार वेळा. पण पायऱ्या मोजल्या जातात त्या त्या व्यवसायाच्या आत. त्यामुळे प्रूफरीडरच्या खान्यातला चौथ्या पायरीचा माणूस, पहिल्या पायरीच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरपेक्षा डॉलरमध्ये कमी मिळवत असला, तरी त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या चार पडतात. शिवाय खाना आणि पायरी आता मार्चमध्ये नोंदणी करतानाच सांगावी लागते, आणि नंतरचा अर्ज तिच्याशी जुळावा लागतो. म्हणजे प्रूफरीडर की संपादक, हा निर्णय चिठ्ठी निघण्याआधीच घ्यायचा.